पाण्याची ओळ

बाबा, काकी आपल्या घरी येऊन दारातूनच विचारत होती की तिच्या विहिरीचं पाणी कोण उपसतं, आणि तू हातातला घास ताटात ठेवून म्हणालास, "हय, हांवच उपसतां." तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आता तेच वाक्य मला कामाला बसू देत नाही.

मी तेव्हा सहावीत. शेजारच्या काकीच्या कमरेवर रिकामी कळशी, आणि आई चुलीपाशी माशाचं हुमण ढवळता ढवळता तुला वाचवायला बघते आहे. "तांकां कित्याक विचारता? कंपनी उपसता." काकी हसली. "कंपनीक हात आसात काय गो?" डिचोलीच्या त्या खाणीत तू पंपावर होतास. खड्डा जितका खोल जाई तितकं आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्यात झिरपे, आणि ते बाहेर फेकत राहणं हे तुझं काम. थांबवणं तुझ्या हातात नव्हतं. तू नसतास तर दुसरा कोणी बसला असता. एवढं तरी सांगायचं होतंस. दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की टँकरवरचं पाणी कॅनमध्ये भरून, सायकलला बांधून, तू काकीच्या पायरीवर नेऊन ठेवू लागलास. कितीतरी दिवस ती तुझ्यादेखत ते तुळशीला घालायची. "देवाक चलता. आमकां नाका." तू रिकामा कॅन उचलून घरी यायचास.

त्याच दिवसांत मी शाळेत सांगितलं की माझे बाबा ऑफिसात असतात. तुला ते कळलं. मारलं नाहीस. अंगणात तांबड्या चिखलाचे बूट काढता काढता एवढंच विचारलंस, "हांव जें करतां तें सांगपाक तुका लज दिसता?"

आता मी पेडण्यात राहते, कॉलेजात शिकवते, आणि उरलेल्या वेळात, तुला हसू येईल, प्राचीन इजिप्तमधले मेलेल्या माणसाबरोबर ठेवायचे लेख मराठीत आणते. पपायरसच्या लांब गुंडाळ्या. परलोकाच्या दारांतून जाताना मेलेल्याने काय बोलायचं ते त्यांवर लिहिलेलं असतं. काही गुंडाळ्या आधीच लिहून तयार असत, नावाची जागा तेवढी कोरी. घरचे लोक आपल्या माणसाचं नाव त्यात घालून घेत. वाक्य मराठीत नीट बसलं का हे बघायला मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, आणि वाचताना त्या कोऱ्या जागी कुणाचं तरी नाव लागतंच. मी तुझं घेतलं.

एका ठिकाणी तो माणूस बेचाळीस न्यायाधीशांपुढे उभा राहून आपण काय काय केलं नाही ते सांगतो. चोरी केली नाही, कुणाला रडवलं नाही, मापात पाप केलं नाही. तिथवर मी तुझ्या नावाने सरळ वाचत गेले, थोड्या अभिमानानेच. मग पाण्याची ओळ आली: मोसमातलं पाणी दुसरीकडे वळवलं नाही, अशी. ती तुझ्या नावाने वाचवेना. पलीकडे तराजूत काळीज ठेवलेलं असतं, आणि खोटं निघालं तर मगरीच्या तोंडाचं एक जनावर ते खायला टपून बसलेलं असतं. माझा यावर विश्वास नाही. तरी मी ती ओळ गाळली.

काल पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. "ताई, पाण्याची ओळ कुठे गेली? मुळात आहे ना?"

"नजरचुकीने राहिली असेल," मी म्हणाले. या वयात पुन्हा खोटं, आणि पुन्हा तुझ्याच कामावरून.

आज सकाळी स्कूटर काढून डिचोलीला काकीकडे गेले. काय ऐकायला गेले ते कळलं असेलच तुला. खाण बंद पडून वर्षं झाली, खड्ड्यात हिरवं पाणी साचलंय, काकीच्या विहिरीतही आता हात बुडेल इतकं वर पाणी आहे. चहा पिता पिता मी विचारलं, "काकी, बाबाचेर अजून राग आसा?"

"राग कित्याक? बरो मनीस आसलो तुजो बापूय." मग ती परसाकडे बघत राहिली. "पूण म्हजे माड मेले ते मेलेच न्हय गो."

घरी येऊन मी ओळ परत घातली आणि फाईल पाठवून दिली. आता पुस्तकात ती असेल, कुणीही आपल्या माणसाच्या नावाने वाचावी. मला तुझ्या नावाने अजून वाचता येत नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचं तेही ठाऊक नाही, ते अनुवादाच्या कागदांतच राहील. एकच मागते, बाबा. तिकडे खरोखरच कुणी पाण्याचं विचारलं, तर एकदाच नाही म्हण. कंपनीचं नाव सांग, हुकूम होता म्हणून सांग, काहीही सांग आणि आत जा. तू ऐकायचा नाहीस, माहीत आहे मला.