गेफ्रायटर, मुक्काम पोस्ट अकोट

२ डिसेंबर
नवीन आयुष्य सुरू. पुण्याच्या प्रकाशकाचं काम आलं! शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन अधिकाऱ्याच्या आठवणी इंग्रजीत येताहेत, त्यातले लष्करी शब्द माझ्याकडे. सॅम्पल पसंत पडलं की अख्खं पुस्तक माझं. अमरावतीच्या जर्मन क्लासमधला संघपाल आता त्या प्रकाशकाकडे नोकरीला आहे, त्यानं माझं नाव सुचवलं. क्लास मी अर्ध्यात सोडला होता, पण बेस पक्का आहे. सूचनांची लांबलचक मेल होती. वरवर पाहिली.

घरचं भाजीचं दुकान थोरला भाऊ खुशालदादा पाहतो, गल्ल्यावर मी बसतो. दादा म्हणाला, हे काम होईलोक दुकानावर नोको बसू. जमलं तर कायमचा सुटला. नाई जमलं तर गुमान पहाटे मंडीत भाजीच्या हर्रासाले यायचं आन जर्मनीचं नाव काढायचं नाई. मी लगेच कबूल.

३ डिसेंबर
पहिला शब्द गेफ्रायटर. म्हणजे ‘मोकळा केलेला’. साधा शिपाईच, पण पहाऱ्याच्या ड्यूटीतून सूट मिळालेला. अरे, हा तर मीच! ‘द फ्रीड मॅन’ लिहिलं. डिक्शनरीत लान्स कॉर्पोरल दिलंय. रुक्ष लोक.
दिवसाला एक शब्द पुरे. क्वालिटी महत्त्वाची.

६ डिसेंबर, पहाटे
अलार्मच्या आधी उठलो. माझ्या जागी सध्या बायको बसते दुकानावर. सत्यवती म्हणाली, मेथीच्या जुड्या गाडीवर ठेवू लागता का जरा. गेफ्रायटरला ड्यूटी नसते, हे तिला नीट समजावलं. तिनं जुड्या स्वतःच चढवल्या. पटलं असावं.
परत झोपतो. थंडीत मेंदू चालत नाही.

११ डिसेंबर
मधले दिवस चिंतनात गेले. आज रिटमायस्टर. ‘रायडिंग टीचर’. चहा संपायच्या आत उडवला. संघपालचा फोन. म्हणे, अबे, घोडदळाचा कॅप्टन व्हय तो, मास्तर नाई. आन मेल वाचली का नीट?
संघपाल जळतो.

१४ डिसेंबर
फेल्डवेबल. हजेरी, शिस्त, रेशन, कंपनीचं सगळं हाच बघतो. साहेब नुसती सही करतो. जेवताना सांगितलं तर सत्यवती म्हणाली, मंग या घरात मीच व्हय ना तो. दादाला हसून हसून ठसका लागला.
अशा वातावरणात अभ्यास होत नाही. उद्यापासून गच्चीवर.

१५ डिसेंबर
गच्चीवर ऊन छान होतं. झोप लागली.

१९ डिसेंबर
शेवटचा शब्द, लांटश्टुर्म. फौज गेली, राखीव गेले, की घरी उरलेल्यांना गोळा करून उभं करतात, ते. ‘लँड स्टॉर्म’ लिहिलं. भारदस्त वाटतं. सॅम्पल पाठवलं. नाव कव्हरवर की आत, तेही विचारलं.
सत्यवती म्हणाली, तुमचं नाव छापून आलं तर गल्लीभर पेढे वाटीन. मनापासून म्हणाली.

२३ डिसेंबर, दुपार
संपादकबाईंचं उत्तर आलं. अशा पुस्तकांत पदांची नावं जर्मनच ठेवतात, इंग्रजीत तीच पद्धत आहे. मला फक्त प्रत्येक शब्दाचा अर्थ एका ओळीत द्यायचा होता. पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं म्हणे. अर्थ मी कुठेच दिलेला नाही. ते काम आता संघपाल करेल. धन्यवाद.
जेवताना घरी बडबडलो तेवढं जरी टाइप केलं असतं!
फार वाईट वाटतंय. उद्यापासून दुकान.

२४ डिसेंबर
पहाटे आंघोळ करून तयार. दादा म्हणाला, राहू दे. सत्यवतीनं मस्त गिऱ्हाईक बांधलं, दुकान चांगलं चालून राहिलं. तुही काही गरज नाई. तू सुटला.
सुटलो म्हणजे जिंकलोच की. दिवसभर मात्र करमलं नाही.

२८ डिसेंबर, दुकानावरून
सगळे तेल्हाऱ्याला लग्नाला गेले. दादा पण. दादानं आधी शेजारच्या बुधाजीला विचारलं, दुकान पाहतो का. त्याला जमत नव्हतं. मग मला.

बसल्या बसल्या लांटश्टुर्मचा अर्थ एका ओळीत लिहिला: दुसरं कोणीच उरलं नाही म्हणून ज्याला उभं करतात, तो. डिक्शनरी लागली नाही.
तेवढ्यात एक बाई आल्या. कोथिंबिरीची जुडी उचलली, माझ्याकडे पाहिलं, परत ठेवली. सत्यवती नाई का आज, म्हणाल्या. लग्नाला गेली म्हटलं.
मंग उद्याच येतो, म्हणाल्या.