झेलणारे हात

माजी सौभाग्यवतीस,

आधी तक्रार. शिबिराच्या आयोजकांनी यंदा माझ्या छातीवर हसऱ्या चेहऱ्याचा बिल्ला लावला. वर माझा चेहरा आणि खाली तो, अशी दोन परस्परविरोधी विधानं घेऊन मी शनिवार-रविवार हिंडलो. घरी ‘काढ ते’ म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे बिल्ला अजून छातीवरच आहे.

सहावी-सातवीच्या पोरांना मैत्री आणि नेतृत्व शिकवणं हा माझा धंदा. यावर तू पोट धरून हसायचीस.

काल विश्वासाचा खेळ होता. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, जोडीदाराने झेलायचं. एक मुलगी एकटीच उरली, म्हणून मी तिचा जोडीदार झालो. ती पडली, मी झेललं. लगेच म्हणाली, "सर, आता तुमचा नंबर."

"माझं वजन बघितलंस का?"

"मग काय झालं? नंबर म्हणजे नंबर!"

"उद्या बघू," म्हणून मी शिट्टी फुंकली.

घर सोडताना तू दारात म्हणाली होतीस, "तू कधी कुणावर भार टाकतच नाहीस. मग मी इथे राहून करू काय?"

आज बस निघायच्या आधी ती मुलगी हजर. सोबत कालपर्यंत तिला न ओळखणारी चार पोरं. "सर, आता हात पुरतील."

हे पत्रही मी पेटीत टाकणार नाही. तरी तुला सांगतो, मी शिट्टी गळ्यातून काढली, त्यांच्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि पडलो.

आता तुझा नसलेला,
शिट्टीमास्तर