साठ रुपयांची ईदी

तळेगाव ढमढेरे,
२० जानेवारी १९६२

प्रिय भाईजान,

सलाम. फरीदाभाभींनाही सांगा. पत्र हातात पडलं की आधी बसून घ्या, पाणी प्या आणि मग वाचा, कारण पहिलीच गोष्ट तुमच्या रागाची आहे. गेल्या ईदला तुम्ही दौंडहून आलात, भाची शहजादीची ईदी म्हणून माझ्या हातात साठ रुपये ठेवलेत आणि जाताना बजावलंत, की एक दुभती शेळी घे. त्यानंतर मी तुम्हांला पाच पत्रं लिहिली. शेळी घेतली, तांबडी आहे, कानावर पांढरा ठिपका आहे, दोन करडं झाली, एक बोकड आणि एक पाट. भाईजान, शेळी नव्हती. ठिपका नव्हता, करडं तर कुठून असणार? करडं केवढी झाली, असं विचारणारं तुमचं कार्ड आलं की मी शेजारच्या पुतळाबाईच्या गोठ्यात जायची, तिची करडं बघायची आणि घरी येऊन माझी म्हणून लिहायची. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आता खरं ऐका. आमची तेव्हाची दशा मी तुम्हांला कधी पुरती कळू दिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी निमोण्याच्या एका लग्नात तुमचे दाजी नवरदेवाच्या घोडीपुढं ट्रंपेट वाजवत होते. घोडी बुजली, तिनं मान झटकली आणि ट्रंपेटसकट ह्यांच्या तोंडावर आली. वरचे पुढचे चार दात गेले. तुम्हांला मी लिहिलं होतं, की पायरीवरून पडले, फार काही नाही. पण ट्रंपेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले म्हणजे फुंक धरायची कशाच्या आधारानं? बँडमास्तर संपतराव माणूस चांगला, त्यांनी ह्यांना काढून टाकलं नाही, हातात खुळखुळा दिला. ट्रंपेटची मजुरी पाच रुपये, खुळखुळ्याची सव्वा. वरातीत सगळ्यांत पुढं चालणारा माणूस मागच्या रांगेत जाऊन खुळखुळा हलवू लागला. मी खुरपायला गेले, भुईमूग काढायला गेले, लोकांच्या गोधड्या शिवल्या. कितीतरी संध्याकाळी भाकरी फक्त शहजादीपुरती असायची आणि आम्ही दोघं एकमेकांना सांगायचो, की आज भूकच नाही.

तर अशात तुमचे साठ रुपये आले. पुतळाबाईकडची एक शेळी मी मनात धरली होती, दावं वळून ठेवलं होतं, उरलेल्या पैशांत किती बाजरी येईल तेही ठरवलं होतं. ईद झाल्यावर तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, पैसे जरा माझ्याकडं दे, बँडच्या कामानं पुण्याला जाऊन येतो. मी भोळी, दिले. आठ दिवसांनी पुन्हा गेले आणि संध्याकाळी दारात उभे राहून माझ्याकडं बघून हसले. चार नवे दात, पांढरेशुभ्र. कँपातल्या एका चिनी दातवाल्यानं पंचेचाळीस रुपयांत बसवून दिले होते. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पत्र चुकून दुसऱ्या कुणाच्या हाती पडायचं. त्यानंतर मात्र आठ दिवस मी एक शब्द बोलले नाही आणि तुमच्या बहिणीला गप्प बसायला किती त्रास होतो ते तुम्ही जाणता.

गावात तर जत्राच भरली. जो तो दात बघायला येई. हौसराव पाटील चावडीसमोर चार माणसांत म्हणाले, "पाशाभाई, घरात खायला दाणा न्हाई आन् चावायला दात आनलं व्हय?" सगळे हसले. हेही हसले, नवे दात दाखवून. मला ते ऐकून पाटलांचाही राग आला आणि ह्यांचाही. माझ्या नवऱ्याला मी बोलीन, लोकांनी का हसावं?

बरं, दात आले म्हणून सूर कुठं आला? संपतरावांनी सांगितलं होतं, अक्षय तृतीयेपर्यंत तुमची जागा राखतो, त्या दिवशी शिक्रापूरचं मोठं लग्न आहे, त्यात वाजवून दाखवा, नाहीतर मला खेडचा दुसरा माणूस घ्यावा लागेल. मध्ये जेमतेम पंधरा दिवस. हे रोज दुपारी उसाकडच्या विहिरीवर जाऊन सराव करायचे. गावात आवाज यायचा, तो दाव्याला अडकलेल्या म्हशीसारखा. वरचा सूर लावायला गेलं की दातांची पट्टी टाळूवरून सुटायची आणि सगळी हवा बाहेर. नवव्या दिवशी मी भांडायच्याच इराद्यानं विहिरीवर गेले, म्हटलं, आता बोलून मोकळी होते. बघते तर हे मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला बसलेले, दात तळहातावर काढून ठेवलेले, हिरडीला रक्त. मला बघून त्यांनी मूठ मिटली. सगळा राग तिथंच गेला. मी शेजारी बसले. तेव्हा ते माझ्याशी जे बोलले ते मी शेवटी सांगते, कारण त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ओढ्याकाठच्या बाभळींवरचा डिंक गोळा केला. वाळवून कुटला, जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ केला आणि ह्यांना सांगितलं, पट्टी ओली करा, चिमूटभर भुरभुरा आणि दाबून बसवा. लाडवात घातलेला डिंक दाताला कसा चिकटून बसतो, ते मला माहीत होतं. पट्टी जी बसली ती बसली. पहिल्या दिवशी तर जेवायच्या वेळी निघेना, म्हणून कोमट पाण्याच्या गुळण्या करत अंगणात फिरत होते आणि मी वर्षभरात हसले नव्हते तेवढी हसले.

अक्षय तृतीयेला मी शहजादीला घेऊन शिक्रापूरला गेले. आमंत्रण नव्हतं, बायकांच्या गर्दीत मागं उभी राहिले. दात सुटले असते तर भर वरातीत सुटले असते, आणि मग खुळखुळासुद्धा गेला असता. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. ह्यांनी ट्रंपेट तोंडाला लावला आणि मी डोळेच मिटले. मग सूर आला. पहिल्यासारखा नव्हता, थोडा जाड होता, पण सरळ होता आणि मांडवाच्या दारात त्यांनी तो इतका लांब धरला, की ढोलवाले सुभानचाचा टिपरू वर धरून वाट बघत राहिले. पाहुण्यांत हौसराव पाटीलही होते. त्यांनी खिशातून रुपया काढला, ह्यांच्यावरून ओवाळला आणि बँडला दिला. मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, की तो माझा नवरा आहे.

त्या मोसमात तेवीस लग्नं वाजवली. पावसाळ्याची बाजरी घरात आली, शहजादी नव्या पाटीसह दुसरीत गेली आणि दिवाळीनंतर आम्ही शेळीही घेतली. ही मात्र खरी आहे, काळी आहे, ठिपका शोधू नका. सध्या आठ ग्रह एकत्र येण्याच्या अष्टग्रहीत जग बुडणार म्हणून लोक धास्तावलेत, लग्नाचं बोलणं कुणी काढत नाही. तुमचे दाजी म्हणतात, जग उरलं तर फाल्गुनापासून एकही दिवस मोकळा नाही.

आता पत्राचं कारण. रमजान पंधरा दिवसांवर आला आणि तुम्ही यंदाही याल, हे मला ठाऊक आहे. भाईजान, साठ रुपयांची ईदी नवाबाच्या घरीही कुणी देत नाही. भाभींच्या सोन्यावर दर साल गरिबासाठी काढायची जकात ती, हे नोटा हातात पडल्या क्षणी मला कळलं होतं. जकात म्हणाला असतात तर ह्यांनी परत केली असती, म्हणून तुम्ही ईदी म्हणालात आणि मी गप्प राहिले. वाटलं, एक मलाच कळलंय. पण विहिरीवर हे मला म्हणाले, "अकिला, तुझ्या भावानं जकात दिली हाय, मला कळत न्हाई व्हय? शेळीवर वरीस निघालं असतं, पुढल्या रमजानला पुन्हा घ्यावी लागली असती. मला एकदाच घ्यायची होती." म्हणून यंदा आम्हांला देऊ नका. ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचा फित्रा या वेळी आम्ही तिघांचा काढणार आहोत. तुमचे जकातीचे पैसे सुभानचाचांना द्या. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत सारा आलाय, जवळजवळ दिसत नाही, घरात एक नात आहे आणि काम सुटत चाललंय. आम्ही देऊ केलं तर म्हणतात, आपल्याच बँडपार्टीतल्या माणसाचं कसं घेऊ. येताना शिक्रापूरला उतरा, त्यांच्या घरी जा आणि नातीच्या हातात ठेवा, ईदी म्हणून. काय घ्यायचं ते सांगू नका, नंतर विचारूही नका. चाचांना दिसत नसलं तरी नोटा हाताला लागताच ते ओळखतील आणि काही बोलणार नाहीत. आम्हीही नाही बोललो.

तुमचीच,
अकिला