बंगईवरची तुमची जागा

प्रिय अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायचं मनात कधी आलं नव्हतं. भिंतीवर तुमचा फोटो आहे, जाता-येता मी त्याच्याशी बोलते, तेवढं पुरत होतं. पण काल जे पाहिलं ते फोटोसमोर उभं राहून बोलवेना. म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून लिहितेय. आईचं ऑपरेशन नीट झालंय, ती झोपलीय. हे आधी ऐका, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायचा नाही.

आपल्या घरातली झोक्याची बंगई मोडली. आई बसलेली असताना मोडली, अण्णा! दुपारचा चहा घेऊन ती टेकली आणि कडाड आवाज झाला. मी स्वयंपाकघरातून धावले तर आई फरशीवर, आणि फळी डाव्या बाजूनं खाली आलेली. खुब्याचं हाड गेलं.

तेव्हासुद्धा मला वाटलं, वरची कडी निसटली असणार. फळी मोडेल हे मनाला शिवलंच नाही. कसं शिवणार? तुम्ही केलेल्या बंगया सोलापुरात कुठल्या कुठल्या घरात टांगल्यात! एका मेलेल्या गाठीपायी तुम्ही वखारीचा टेम्पो दारातून परत पाठवायचे. "जिवंत गाठ लाकडाला धरून ऱ्हाती, मेलेली एक दिवस बुच्चासारखी निघती." पाढे पाठ व्हायच्या आधी हे माझं पाठ होतं. फळ्या सावलीत रचायच्या, मधे पट्ट्या घालून वारा खेळता ठेवायचा, टोकांना शेण लिंपायचं, कारण लाकूड टोकाकडून लवकर वाळतं आणि तिथंच फाटतं. "आपलं ऊन लाकूड वाळवत न्हाय, भाजतं," म्हणून तुम्ही उन्हाला शिव्या घालायचे. आज वर्कशॉप मी चालवते ते याच शिकवणीवर. गिऱ्हाइकाला मी ठणकावून सांगते, आमच्याकडं खोटं लाकूड मिळायचं नाही.

काल आईचे कपडे न्यायला घरी गेले. मोडकी फळी तशीच पडली होती. सहज उलटी केली आणि खालची बाजू दिसली.

टोकापासून आत गेलेली जुनी भेग. त्यात सरस आणि भुसा कालवून भरलेला. भेगेच्या कडेला काळी, मेलेली गाठ, अर्धी निखळलेली. वरून आडवी लोखंडी पट्टी, आणि सगळ्यावर ऑइलपेंटचा जाड हात! फसव्या दुकानदारांची ही लबाडी खिळा टोचून कशी ओळखायची, ते मला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच ना? मग हे तुम्ही केलंत? तुम्ही? आणि स्वतःच्या घरात?

मला रडू नाही आलं, राग आला. माणूस गेल्यावर त्याच्यावर एवढं चिडता येतं हे मला माहीतच नव्हतं.

तुमच्या वर्कशॉपमधल्या रशीदचाचांना फोन लावला. बंगईला पॉलिश त्यांचंच. ते आले, फळीकडं बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "मेरेकू मालूम था बेटी," एवढंच म्हणाले. मी ओरडलेच त्यांच्यावर. मग त्यांनी सांगितलं.

ही फळी अज्जांनी, आईच्या वडलांनी पाठवलेली. माझा जन्म झाला, आई बाळंतपण उरकून अक्कलकोटकडच्या तिच्या माहेराहून परत निघाली, तेव्हा इतर लोक लेकीबरोबर पाळणा देतात, अज्जांनी अंगणातला कडुनिंब पाडून बंगईची फळी दिली. सुताराच्या घरी पाळणा काय द्यायचा, लाकूडच देऊ! हौसेनं दिली, पण घाईनं. चैत्राच्या उन्हात भिंतीला उभी करून वाळवली. बाहेरून खडखडीत, आत ओली. वाटेतच टोक फाटलं. हळदीकुंकू लावून, नारळ बांधून फळी दारात आली, आई मागून उतरली, आणि तुमच्या आईनं शेजारणींना हाका मारल्या, या गं, सुनेच्या माहेरचं लाकूड बघा.

चाचा तिथंच उभे होते. ते म्हणाले, तुम्ही फळीवरून एकदाच हात फिरवला आणि बोललात, "लई झ्याक लाकूड हाय!" नंतर वर्कशॉपमध्ये चाचांनी म्हटलं, भाभीकू बोलो, फळी बदल डालो. तुम्ही म्हणालात, "नको. ह्या घरात तिला जन्मभर खाली बघावं लागंल."

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. बंगईची डावी बाजू तुमची. तिथं पोरंसोरं बसली की तुम्ही खेकसायचे. आम्ही त्याला तुमचा मान समजायचो! आणि तुम्ही स्वतः बसायचे ते दोन्ही पाय फरशीला घट्ट टेकवून. बंगई कधी हलू द्यायचे नाही. मी चिडवायची, अण्णा, ही बंगई आहे की एसटी स्टँडवरचं बाकडं? तुम्ही म्हणायचे, "मला चक्कर येती." सगळ्या गावाला झोके देणाऱ्या माणसाला चक्कर येते म्हणून आपण किती हसलो! दर उन्हाळ्यात फळीखाली आडवे होऊन साखळ्यांना तेल द्यायचे. तेल कसलं, पट्टीचे स्क्रू आवळत होता तुम्ही!

म्हणजे ती वाईट जागा तुम्ही आयुष्यभर अडवून बसला होता. दुसरं कुणी बसू नये म्हणून.

आणि तुम्ही गेल्यावर तिथं कोण बसायला लागलं, सांगू? आई. दुसरं कुणीच नाही, नेमकी आई! मी म्हटलं, अगं मधे बस की. तर म्हणाली, "हे हितं बसायचे. हितं बसलं की बरं वाटतं." स्क्रू आवळणारं कुणी नाही, पाय टेकवून बसायचं तिला ठाऊक नाही. अण्णा, तुमच्या आठवणीनं ती तिथं बसली आणि पडली! हे कुणाला सांगू मी?

एक शब्द बोलला असतात तर? आईला नाही तर नाही, मला तरी? मी तुमच्याच हाताखाली लाकूड ओळखायला शिकले. माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता? की सांगू सांगू म्हणताना राहून गेलं? तुम्ही गेलातही असे, बोलता बोलता, कुणाला काही कळायच्या आत.

मघाशी आई शुद्धीवर आली. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "फळी बरी हाय नव्हं? माझ्या बापाची हाय ती." मी हूं म्हटलं. "कडी निसटली आसंल. नवी कडी बसव, मी घरी आले की तितंच बसणार." आणि माझा हात घट्ट धरला. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी दारात तुमचं काय झालं असेल. खरं बोलावं तर तिचा बाप उणा पडतो, गप्प बसावं तर ती पुन्हा पडते.

तुम्ही गप्प बसलात. मी बसणार नाही. ती फळी पुन्हा टांगली जाणार नाही, आणि का नाही ते मी तिला उद्याच सांगेन, हा माझा शब्द. अज्जांना घाई झाली, ऊन कडक होतं, एवढंच सांगेन. आणि तुम्ही ती जागा कशी राखलीत तेही सांगेन. फळीसाठी ती थोडं रडेल, तुमच्यासाठी खूप रडेल. रडू दे.

मग डोळे पुसून विचारेल, "मला का न्हाय सांगितलं त्यांनी?" तिथं मात्र मी तुमची बाजू घेणार नाही, अण्णा. तिला म्हणेन, आपण दोघी मिळून चिडू.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच
सुमन