चौदाशे बारा साली जन्मलेली मुलगी

अल मजाज, शारजा

प्रिय ईश्वरी,

तुझ्या जन्मदाखल्याची मूळ प्रत सापडत नाही, असं मी गेल्या रविवारी फोनवर तुला सांगितलं. ते खोटं होतं. दाखला माझ्या कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीत, जिथे असायचा तिथेच आहे. आज कुरियरने तुझ्याकडे एडिनबराला पाठवते आहे, आणि सोबत हे पत्र. ते वाचून झालं की मला बाळंतपणाला बोलवायचं की नाही, ते तू पुन्हा एकदा ठरव. शाळेच्या लायब्ररीतून रजा मिळत नाही म्हणाले, तीही थापच होती. रजा केव्हाच मंजूर झाली आहे.

रागावण्याआधी थोडी हस. तू सात वर्षांची होतीस. शाळेत अरबी आकडे नुकतेच शिकवले होते आणि तू दिसेल ते वाचत सुटली होतीस, नंबरप्लेटा काय, लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटलीवरची तारीख काय. शाळेच्या कसल्याशा कामासाठी मी तुझा दाखला टेबलावर काढला, तर त्यातलं हिजरी साल तू बोट ठेवून वाचलंस. एक, चार, एक, दोन. "आई, आय वॉज बॉर्न इन फोर्टीन ट्वेल्व्ह!" हे इथलं हिजरी साल आहे, आपलं एकोणीसशे ब्याण्णव, एवढं सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी सांगितलं नाही. बघू या तरी त्या साली आणखी कोण कोण होतं, असं म्हणून मी तुला दुसऱ्या दिवशी लायब्ररीत घेऊन गेले.

तेव्हा घरी इंटरनेट नव्हतं. लायब्ररीतल्या ज्ञानकोशाचे जाडजूड खंड आणि आपण दोघी! फ्रान्समधली जोन साधारण त्याच साली जन्मली. नक्की साल कुणालाच माहीत नाही, तरी तू तिला लगेच आपली वर्गमैत्रीण करून टाकलंस. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन अशी तीन राज्यं एकटीने सांभाळणारी राणी मार्गारेट त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गेली, तीही बंदरात उभ्या असलेल्या आपल्या जहाजावर. तू मला विचारलंस, मग जहाज पुढे कोणी नेलं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आपल्याकडे गुलबर्ग्याला फिरोजशहा बहमनी राज्य करत होता. आणि वर्ष संपता संपता चीनच्या बादशहाने हुकूम काढला की आरमार पार होर्मुझपर्यंत न्या. होर्मुझ म्हणजे आपल्या समोरच्याच किनाऱ्यावर, हे कळल्यावर तू आठवडाभर संध्याकाळी मला खालिद लगूनवर ओढत नेलंस, चिनी जहाजं शोधायला. बाबा ऑफिसातून येऊन विचारायचे, आज मिळालं का एखादं, आणि तू अगदी गंभीरपणे इन्शाल्ला म्हणायचीस.

पुढच्या वर्षी अरबीच्या टीचरने तुझा भ्रम फोडला. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणालीस, डोन्ट स्टॉप. आपण थांबलोच नाही. चौकसपणा तू माझ्याकडून घेतलास, असं मी आजवर दहाजणांना कौतुकाने सांगितलं असेल.

आता त्या अर्ध्या मिनिटाचं सांगते. साल समजावलं असतं तर तू पूर्ण कागद हातात मागितला असतास. तू मोठमोठ्याने एक चार एक दोन वाचत होतीस तेव्हा माझा अंगठा खालच्या ओळीवर होता. त्या ओळीत आईचं नाव होतं, उर्मिला. ती गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. मी या घरात आले तेव्हा चारची, आणि मला पहिल्या आठवड्यात तू आई म्हणालीस. ते कुणी माझ्याकडून काढून घेईल, या भीतीने मी तुला सहाशे वर्षांमागे नेऊन सोडलं. पुढे तेराव्या वर्षी तू पासपोर्टवर ते नाव वाचलंस. बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि खलास. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही, कारण निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जायची. तुला ते दिसत होतं, म्हणून तू विचारणं सोडलंस. बाबा गेले आणि मग विचारायलाही कुणी उरलं नाही.

डेन्मार्कची राणी कुठे मेली ते मला माहीत होतं गं. जिने तुला जन्म दिला तिच्याबद्दल मी एकोणतीस वर्षांत कुणाला एक प्रश्न विचारला नाही. मला लाज वाटते.

रविवारी तू सहज विचारलंस, सातव्या महिन्यात तिला कसले डोहाळे लागले होते कुणाला ठाऊक असेल का, आणि मी विषय बदलला. रात्रभर ते मला टोचत राहिलं. बाबांच्या जुन्या बिल्डिंगमधल्या शेजारी, रत्नागिरीच्या खैरुन्निसाआपा, आता मुलाकडे मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात. ईदचा मेसेज त्या अजून पाठवतात. शनिवारी अबुधाबीची बस पकडली आणि गेले. दार उघडून त्या म्हणाल्या, "आलीस का गं शेवटी? मी वाट बघून म्हातारी झाले."

तर ऐक. तिला कैरी हवी असायची, आणि ते दिवस थंडीचे. आपा इराण्याच्या दुकानातून आंबट लोणचं आणायच्या, ते ती बाटलीतून नुसतंच खायची. लिफ्टची तिला भीती, म्हणून पाच मजले पोट सांभाळत चढायची. हसायची इतक्या मोठ्याने की वॉचमन वर बघायचा. आणि किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद उलगडून, सपाट करून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय टाकायची नाही. मग आपांच्या दारात उभी राहून सगळं सांगायची, कुठल्या गावात काय झालं ते. हे ऐकलं आणि मी आपांच्या सोफ्यावर रडले. दहाजणांना सांगितलेलं कौतुक माझं नव्हतंच.

निघताना आपांनी आणखी एक सांगितलं, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. सातव्या महिन्यापासून उर्मिला रोज सकाळी त्यांना विचारायची, "आईचा व्हिसा आला असेल का हो आज?" तो शेवटपर्यंत आला नाही. बाळंतपणात तिच्यापाशी तिची आई नव्हती. तुझ्यापाशी उर्मिला असू शकत नाही. माझा व्हिसा झाला आहे, ईश्वरी. तिच्या जागी नाही, तिच्या वतीने, मी येऊ का?

तुझीच,
शोभना