डॉक्टरीणबाईचे दात

कोइंब्रा, पोर्तुगाल
४ नोव्हेंबर २०२४

समताचे बाबा यांस जनकाबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललं तं पोरगी ऐकते, म्हणून कागदावर लिहून फोटो धाडून राह्यली. माही उजवी दाढ लय ठणकते. लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, काही फरक नाही. इथल्या डॉक्टरीणबाईले फक्त इथली भाषा येते अन् मले फक्त आपली. तिनं दुसराच दात उपटला तं कोणाले सांगू? असंच राह्यलं तं मले परत या लागन. जावई दिवसभर कामावर, मंग ह्या ओल्या बाळंतिणीपाशी कोण? तिले काही सांगू नका.

माया हायेच, ती असू द्या.
तुमची,
जनका

डोणगाव
५ नोव्हेंबर

सौ. जनकाबाईस सप्रेम जयभीम. वि. वि.

बाजारात बैलाचा ओठ उचलून, दोन दाती का चार दाती, वय सांगणारी बाई तू, अन् सोताची दाढ लपवून बसली. काऊन? मले विचारशील तं निघून ये. मेहकरचा डॉक्टर आपल्या ओळखीचा हाय. सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर हाय. माह्या भाकरीले आकार नाही, पण पोट भरते. हाव म्हण, आपल्या पोराले, धम्मरत्नले, तिकिटाचं पाहाले सांगतो. तो तयारच हाय.

जिवाले जप.
तुहा,
जानराव

कोइंब्रा
१० नोव्हेंबर

समताचे बाबा यांस सप्रेम जयभीम. वि. वि.

दुधात भाकर भिजवून खाताना समतानं पकडलंच. लय रागावली, अन् गल्लीतल्याच दवाखान्यात माहा नंबर लावला. बाळ झोपलं होतं, म्हणून एकटीच गेली. हातात तिचा फोन, तो म्हणे भाषा बदलून सांगते. पण सुजलेल्या तोंडाची वऱ्हाडी त्याच्या बापालेही समजली नसती.

डॉक्टरीणबाई माह्याच वयाची. तिनं सोताचं तोंड उघडून दाखवलं. मले वाटलं, कोणती दाढ ते इचारते. मंग काय, बैलाचा उचलतो तसा अंगठ्यानं तिचा ओठ उचलला अन् तिच्याच उजव्या दाढेवर बोट ठेवलं. हात धुतलेले होते, काळजी करू नका. ती दचकली, मंग इतकी हसली की डोळे पुसत बसली. नंतर समजलं, ती मले तोंड उघड म्हणून राह्यली होती. पण दाढ बरोबर सापडली. उपटली नाही, कीड कोरून भरून देली. काल मी कडक भाकर खाल्ली. आता जानेवारीपर्यंत राहतो. नातीचं नाव महामाया ठेवलं.

रागावू नका, लोभ ठेवा.
तुमची,
जनका

डोणगाव
१२ नोव्हेंबर

सौ. जनकाबाईस सप्रेम जयभीम. वि. वि.

तुहं पत्र शेजारच्या अंबूबाईले वाचून दाखवलं. दुपारपर्यंत साऱ्या गल्लीले माहीत, अन् जो तो इचारते, डॉक्टरीणबाई किती दाती निघाली. दाढ वाचली, समताले आधार झाला, लय बरं वाटलं. नातीपाशी खुशाल राहा.

एक सांगतो, समताले वाचून दाखवू नको. तू येशील म्हणून तुही वाकळ धुऊन उन्हात घातली होती. काल पेटीत ठेवाले गेलो, पण ठेवली नाही. थंडी पडून राह्यली, मीच पांघरून घेतो.

महामायाचा मुका घे. मायेत अंतर नको.
तुहा,
जानराव