कोपऱ्याकडे आलेला बाक

रावुलपालेम, ४ फेब्रुवारी १९७४

चि. भास्करम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. बसवाल्याकडे गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी दिली आहे. परत करायची घाई नको. बरणी अडकली की ती द्यायला तरी तू येतोस.

आमच्या ह्यांना, तुझ्या बावगारूंना, तू आखलेल्या नदीकाठच्या विजेच्या मनोऱ्याची धास्ती वाटते. अर्ध्या तारा ओढल्यावर त्यांनी दोरी लावून पाहिली, तर खालच्या काटकोनी अँगलच्या पायाला त्याच्या कोपऱ्याच्या दिशेने बोटभर बाक आलेला. घरी येऊन त्यांनी अंगणात एक बारका अँगल उभा धरून दाबून दाखवला. तोही तसाच कोपऱ्याकडे वाकला. म्हणतात, वीस वर्षं मनोरे उभारतोय, मला आकडे कळत नाहीत, पण मेहुण्याला म्हणावं एकदा परत बघ. तू लिहून दिल्याशिवाय ठेकेदार काम थांबवणार नाही.

वेळेवर जेवत जा, आणि दोन ओळी तरी टाक.

तुझी सीताअक्का

हैदराबाद, ९ फेब्रुवारी

ती. सौ. अक्का व बावगारू यांस शि. सा. न.

लोणचं ऑफिसात दोन दिवसांत फस्त झालं. बरणीत सध्या माझ्या पेन्सिली आहेत.

बावगारूंना सांग, लोखंड डोळ्यांनी जोखायचे दिवस गेले. अँगलचं लोखंड त्याच्या मध्यापासून किती लांब पसरलंय याचं एक माप असतं, परिभ्रमण त्रिज्या. पायाची लांबी त्या मापाने भागायची. उत्तर एकशेवीसच्या आत आलं की पाय तग धरतो. तीनशे पन्नास सेंटिमीटर भागिले ३.०५, उत्तर एकशे पंधरा. तीनदा भागाकार केला. ठेकेदारासाठी चिठ्ठी सोबत आहे, तारा खुशाल ओढा.

संक्रांत चुकली, उगादीला नक्की येतो. तोवर रागावून का होईना, आठवण काढ.

तुझा भास्करम

रावुलपालेम, २४ फेब्रुवारी

चि. भास्करम यास आशीर्वाद.

ते गेल्याची तार मिळूनही तू आला नाहीस. तापाने पडला असशील असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्या सकाळी त्यांनी तुझी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. मेहुण्याने लिहून दिलंय, आता मीच वर चढलो नाही तर त्याची अब्रू काय राहिली, असं म्हणाले. तरी टोळीतल्या चौघांना त्यांनी खाली उतरवलं आणि एकटे वर गेले. शेवटची तार ताणताना तोच पाय कोपऱ्याकडे वाकला आणि मनोरा त्यांच्यासकट कोसळला.

चौकशीचे साहेब म्हणतात, मेस्त्रीने तार जास्त ओढली, निष्काळजीपणा केला. वरहालूला शाळेत मुली हेच ऐकवतात. बापाचं असं नाव निघालेलं तिला सोसत नाही. मला एवढंच सांग, तुझा आकडा बरोबर होता ना? असेल तर मी गप्प बसते.

अक्का

हैदराबाद, २८ फेब्रुवारी

ती. अक्का हिस शि. सा. न.

हाताच्या सवयीने आधी 'सौ.' लिहिलं आणि खोडलं.

आकडा चुकीचा होता. अँगलला अशी त्रिज्या एकच नसते. बाजूच्या दिशेची ३.०५, आणि कोपऱ्याच्या दिशेची १.९४. लोखंड जिथे दुबळं तिकडेच वाकतं, म्हणून सर्वांत लहान घ्यायची. मी कोष्टकाचा पहिलाच रकाना घेतला. खरं उत्तर एकशेऐंशी. मी धरला होता त्याच्या निम्माही भार तो पाय पेलणार नव्हता. बावगारूंनी अंगणात हेच दाखवलं होतं. तुझं पत्र आल्यावर मी भागाकार तीनदा केला, कोष्टक मात्र पुन्हा उघडलं नाही. उघडलं ते तार हातात पडल्यावर. ताप नव्हता, अक्का. तुझ्यासमोर यायची छाती झाली नाही.

हे पत्र साहेबांना दे. त्यांनाही मी कळवलं आहे. माझं काय व्हायचं ते होवो. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

भास्करम

रावुलपालेम, ११ मार्च

भास्करम,

पत्र दिलं. कागदोपत्री त्यांच्यावरचा दोष पुसला. वरहालू कालपासून पुन्हा शाळेत जाते.

तू गप्प राहू शकला असतास, हे मला कळतं. म्हणून हे चार शब्द. अंगणातला तो वाकलेला अँगल अजून तिथेच आहे, माझ्याने उचलवत नाही.

उगादीला येऊ नकोस. बरणी बसवाल्याकडे दे.

सीतारत्नम